अक्षरांच्या फटींतून: चिनी साहित्य अनुवादातून कसे वाचावे

चिनी कादंबरीचे इंग्रजी भाषांतर हाती आले की बहुतेक वाचक थेट पहिले प्रकरण उघडतात. माझी सूचना अशी, की आधी शीर्षकपानाची मागची बाजू वाचावी, जिथे बारीक टायपात प्रकाशनाचे साल, स्वामित्वहक्क आणि कधीकधी मूळ आवृत्तीचा तपशील दिलेला असतो. नोबेलविजेते मो यान यांच्या ‘रेड सॉरघम’ या कादंबरीच्या हॉवर्ड गोल्डब्लाट यांनी केलेल्या भाषांतरात अशी एक छोटी टीप आहे. १९८७ साली बीजिंगमध्ये लष्कराच्या प्रकाशनगृहाने काढलेल्या आवृत्तीत काटछाट झाली होती, म्हणून लेखकाच्याच विनंतीवरून हे भाषांतर तैवानमधल्या तैपेईच्या १९८८ च्या आवृत्तीवरून केले आहे, असे ती टीप सांगते; आणि लगेच हेही कबूल करते, की लेखकाच्या संमतीने भाषांतरातही काही मजकूर गाळला आहे. म्हणजे जे पुस्तक आपण ‘मूळ’ समजून वाचायला बसलो, त्यावरून आधीच दोनदा कात्री फिरलेली आहे आणि मधे एकदा गाळलेले परत घातले गेले आहे. (सॉरघम म्हणजे आपला जोंधळा. इंग्रजी नावाने ते पीक परदेशी वाटते, पण बैलहोंगल-सौंदत्तीच्या वाटेवर ते कणसांनी भरलेले ज्याने पाहिले आहे, त्याला त्या कादंबरीतल्या शेताचे वर्णन समजावून सांगावे लागत नाही.)

बेळगावात टिळकवाडीतल्या एका घरी आम्ही सहा-सात जण दर पंधरवड्याला वाचनासाठी जमतो. चिनी भाषा आमच्यापैकी एकालाही येत नाही. मराठी सगळ्यांना, कन्नड बहुतेकांना आणि इंग्रजी कामापुरते येते. मराठीत आलेले बहुतेक चिनी साहित्य इंग्रजीमार्गेच आलेले असल्यामुळे आपण जे वाचतो ते दोन भाषांतरकारांच्या आणि अनेक संपादकांच्या हातून आलेले असते, आणि त्यांपैकी कोणी काय केले हे शोधण्याची जी पद्धत आमच्याकडे हळूहळू बसत गेली, तीच येथे मांडत आहे. ही पद्धत वाचकासाठी आहे, तशीच ज्याला चिनी कथा मराठीत आणायची आहे त्याच्यासाठीही आहे.

आवृत्तीचा माग काढणे

एक वही करावी आणि प्रत्येक पुस्तकासाठी चार गोष्टी लिहाव्यात: मूळ पुस्तक पहिल्यांदा कोणत्या साली आले, ते कोणत्या शहरात छापले गेले, भाषांतर कोणी व केव्हा केले, आणि ते कोणत्या आवृत्तीवरून केले. या चारांपैकी शहराकडे विशेष लक्ष द्यावे. लेखक बीजिंगमध्ये राहतो आणि पुस्तक मात्र तैपेई किंवा हाँगकाँगमध्ये छापलेले आहे, असे दिसले की थांबावे. यान ल्येनख यांची ‘द फोर बुक्स’ ही कादंबरी हाँगकाँग आणि तैवानमध्ये प्रसिद्ध झाली, चीनच्या मुख्य भूमीवर नाही. यू ह्वा यांनी दहा शब्दांच्या आधारे चीनविषयी लिहिलेले पुस्तक आधी फ्रेंचमध्ये आले, मग २०११ मध्ये तैवानात चिनीत आले. मुख्य भूमीवरच्या वाचकाला ते अधिकृतपणे मिळालेच नाही. म्हणजे बेळगावच्या वाचनालयात बसलेला वाचक जे पुस्तक इंग्रजीतून सहज वाचतो, ते ज्याच्या भाषेत लिहिले त्या भाषेच्या मोठ्या वाचकवर्गाला दुकानात मिळत नाही.

काही वेळा मजकूर शाबूत असतो आणि फक्त जागा बदललेली असते. लिउ त्सशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही विज्ञानकादंबरी २००६ मध्ये मासिकातून क्रमशः आली, तेव्हा तिची सुरुवात माओंच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळातल्या हिंसक प्रसंगाने होत होती. २००८ मध्ये पुस्तक झाले तेव्हा तो प्रसंग मधल्या प्रकरणांत ढकलण्यात आला, जेणेकरून तपासणाऱ्याची नजर पहिल्याच पानावर अडकू नये. केन लिउ यांनी २०१४ च्या इंग्रजी भाषांतरात लेखकाच्या संमतीने तो पुन्हा आरंभी आणला. त्यामुळे चिनी पुस्तक वाचलेला आणि इंग्रजी वाचलेला असे दोन वाचक भेटले, तर कादंबरी कुठून सुरू होते यावरच त्यांचे एकमत होणार नाही.

आता कात्री नेहमी बीजिंगच्याच हातात असते, हा समज मात्र सोडून द्यावा. लाओ श यांच्या रिक्षावाल्याच्या कादंबरीचे १९४५ मध्ये अमेरिकेत जे भाषांतर गाजले, त्यात भाषांतरकार इव्हान किंग यांनी शेवट सरळ बदलला. मूळ कादंबरीत नायकाची प्रिय व्यक्ती गळफास घेते; अमेरिकन वाचकाला मात्र नायक तिला सोडवून घेऊन जातो, असा सुखान्त मिळाला. पुढे १९५५ मध्ये खुद्द लाओ श यांनी चीनमधल्या नव्या आवृत्तीतून कादंबरीचा शेवटचा भाग वगळला. एकाच पुस्तकाचा शेवट एकीकडे बाजारासाठी गोड केला गेला आणि दुसरीकडे काळाच्या दबावाखाली छाटला गेला. त्याहून गमतीचे उदाहरण ‘जिन पिंग मेइ’ या जुन्या कादंबरीचे आहे. क्लेमंट एजर्टन यांचे इंग्रजी भाषांतर १९३९ मध्ये लंडनमध्ये निघाले, तेव्हा त्यातले शृंगारिक भाग लॅटिनमध्ये छापले होते. लॅटिन येणाऱ्या विद्वानाचे शील बिघडण्याची भीती प्रकाशकांना वाटली नसावी.

नावे, नाती आणि दारू

नावांबाबत थोडक्यात सांगतो. आडनाव आधी येते. मो यान यांना ‘श्री. यान’ म्हणू नये, आणि ते टोपणनाव असून त्याचा अर्थ ‘बोलू नकोस’ असा आहे, हे या विषयाच्या वाचकाने विसरू नये. रोमन लिपीतला क्यू हा ‘छ’च्या जवळ आणि एक्स हा ‘श’च्या जवळ उच्चारतात. जुन्या पुस्तकांतली स्पेलिंगची पद्धत वेगळी असल्यामुळे आधुनिक चिनी कथेचा अग्रणी मानला जाणारा एकच लेखक वाचनालयाच्या यादीत ‘लू सुन’, ‘लू शुन’ आणि ‘लू ह्सुन’ असा तीन ठिकाणी सापडतो. एकाच गावाची दोन नावे दोन पाट्यांवर वाचत मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना याचा फारसा त्रास होऊ नये.

नात्यांकडे मात्र सावकाश पाहावे, कारण इंग्रजीने जे हरवले ते येथे परत मिळवता येते. चिनी भाषेत बापाचा थोरला भाऊ, बापाचा धाकटा भाऊ आणि आईचा भाऊ यांना तीन वेगळे शब्द आहेत. आत्या आणि मावशीही वेगळ्या आहेत. इंग्रजीत येताना हे सगळे ‘अंकल’ आणि ‘आंट’ होतात, आणि मराठी भाषांतरकार निष्काळजी असेल तर सरसकट काका-काकू. आमच्यात माहेर कन्नड असलेल्या एक वहिनी आहेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारले, “हा काका दोड्डप्पा का चिक्कप्पा?” मराठीत आपण ‘थोरले काका’, ‘धाकटे काका’ असे विशेषण लावून काम भागवतो, पण कन्नडमध्ये चिनीप्रमाणेच दोन स्वतंत्र नावे आहेत, आणि वाटणीचा, घराण्याच्या मानाचा किंवा श्राद्धाचा प्रसंग असेल तर तो फरक कथेचा कणाच असतो. तेव्हापासून इंग्रजीत ‘अंकल’ आला की आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढतो आणि कथेतल्या पुराव्यावरून तो कोण हे ठरवतो. सीमाभागात राहण्याचा हा फायदा पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही, हे थोड्या अभिमानाने लिहितो.

दारूचेही तसेच आहे. इंग्रजी भाषांतरात ‘वाइन’ असे छापलेले असते आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे द्राक्षे येतात. लू शुन यांच्या शाओशिंग गावाकडची दारू तांदळाची असते आणि कथेतली माणसे ती ऊन करून वाडग्यातून पितात. तेथे ‘तांदळाची दारू’ असे सरळ लिहावे.

काय भाषांतरित करावे आणि काय तसेच ठेवावे, याचा सर्वात जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा नियम ह्युएनत्संगाच्या नावाने सांगितला जातो. सातव्या शतकात पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा हाच तो यात्रेकरू. संस्कृतमधून चिनीत येताना पाच प्रकारचे शब्द भाषांतरित न करता उच्चारानेच ठेवावेत, असा तो नियम आहे. गूढ मंत्र, ‘भगवत्’सारखे अनेक अर्थांचे शब्द, पूर्वसूरींनी आधीच रूढ केलेले शब्द, ‘प्रज्ञा’सारखे शब्द ज्यांचा साधा प्रतिशब्द दिला तर वजन हलके होते, आणि चीनमध्ये नसलेल्या वस्तू. या शेवटच्या प्रकाराचे उदाहरण म्हणून जंबू वृक्ष दिला आहे, म्हणजे आपल्या खानापूरच्या रानातले जांभूळ. उलट दिशेने जाताना हीच चाळणी वापरावी. त्याच्याही आधीचा बौद्ध ग्रंथांचा भाषांतरकार कुमारजीव मात्र भाषांतराविषयी फार कठोर होता: दुसऱ्याला भात चावून भरवावा तसे हे काम आहे, चव तर जातेच, वर खाणाऱ्याला मळमळते, असे तो म्हणाल्याचे चिनी ग्रंथांत नोंदलेले आहे.

एका कथेला दोन मराठी लागतात

लू शुन यांची ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा मे १९१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर आम्ही चार बैठका घालवल्या, आणि अभ्यासासाठी मी हीच कथा सुचवीन, कारण लेखकाचे निधन १९३६ मध्ये झाल्यामुळे मूळ मजकूर सर्वांना खुला आहे आणि इंग्रजी भाषांतरे अनेक आहेत. यांग श्येनयी व ग्लॅडिस यांग यांचे बीजिंगच्या सरकारी प्रकाशनाने काढलेले भाषांतर, विल्यम लायल यांचे १९९० चे आणि ज्युलिया लोव्हेल यांचे २००९ चे, अशी तीन शेजारी ठेवावीत. तिन्ही जेथे एकसारखी चालतात तेथे वेळ घालवू नये. जेथे ती वेगळी होतात, तेथे मुळात काहीतरी अवघड आहे असे समजून पेन्सिलीने रेघ मारावी आणि तेवढ्याच वाक्यातली चिन्हे ऑनलाइन शब्दकोशात एकेक करून पाहावीत. भाषा न येताही एका वाक्यासाठी हे अर्ध्या तासात जमते.

या कथेचे पहिले पान अभिजात, ग्रंथी चिनीत आहे आणि पुढची रोजनिशी बोलीच्या जवळच्या भाषेत आहे. पहिल्या पानावरचा प्रतिष्ठित निवेदक सांगतो, की आजारी होता तो धाकटा भाऊ, आता तो बरा झाला असून सरकारी नेमणुकीच्या प्रतीक्षेत परगावी गेला आहे. म्हणजे ज्या माणसाला आपला समाज माणसे खातो असे दिसले, तो ‘बरा’ होऊन त्याच व्यवस्थेत रुजू व्हायला निघाला. ही थंड टोचणी भाषेच्या बदलातच आहे. दोन्ही भाग एकाच छापील मराठीत आणले तर ती नाहीशी होते. आम्ही पहिले पान जुन्या पत्रव्यवहाराच्या वळणाने करून पाहिले: “व्याधी निरसन पावोन कनिष्ठ बंधू नेमणुकीच्या अपेक्षेने परस्थळी रवाना झाले; विशेष लिहिणे नलगे.” आणि त्यानंतरची रोजनिशी घरात बोलतो तशा मराठीत. ‘विशेष लिहिणे नलगे’ हे मुळात नाही, ते आमचे आहे, आणि त्यावर दोन मते पडली. शेवटी ते काढले, पण ज्याने सुचवले त्याचा कान बरोबर होता, असे मला अजूनही वाटते. वेड्याचा थोरला भाऊ रोजनिशीत ‘दादा’ झाला.

याच कथेत तो वेडा इतिहासाचा ग्रंथ उघडतो. पानापानावर परोपकार, नीती, सदाचार अशी अक्षरे वेडीवाकडी लिहिलेली असतात. झोप येत नाही म्हणून तो अर्धी रात्र निरखून वाचत राहतो, तेव्हा त्याला दोनच शब्द दिसू लागतात: माणसे खा. इंग्रजीत हे त्याला ‘दोन ओळींच्या मधे’ दिसते, आणि आम्हीही आधी तसेच लिहिले होते. शब्दकोशात पाहिल्यावर कळले, की मूळ शब्द ‘अक्षरांच्या फटी’ असा आहे. ओळींच्या मधल्या अर्थाची कल्पना आता इतकी वापरून झाली आहे, की ती वाचताना कोणी थबकत नाही. फट म्हटले की मात्र दाराला डोळा लावलेला माणूस दिसतो.

शिवण कोठे आहे

गाळलेला मजकूर ओळखायचा तर गाळण्याची रीत माहीत हवी. आज चीनमध्ये प्रत्येक छापील पुस्तकाला अधिकृत पुस्तक-क्रमांक लागतो, आणि ते क्रमांक मान्यताप्राप्त सरकारी प्रकाशनगृहांनाच मिळतात. खासगी प्रकाशकाला त्यांच्यामार्फतच जावे लागते. संवेदनशील समजल्या जाणाऱ्या विषयांची आगाऊ नोंद वर कळवावी लागते. २०१८ पासून प्रकाशनाचा कारभार थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाखाली आहे. एवढे असले तरी प्रत्येक हस्तलिखितावर कोणी सरकारी अधिकारी लाल शाई घेऊन बसलेला नसतो. जबाबदारी संपादकाच्या गळ्यात असते, चूक झाली तर नोकरी त्याची जाते, आणि त्यामुळे तो आधीच हात राखतो; आणि संपादक काय म्हणेल हे ओळखून लेखक त्याच्याही आधी. म्हणून जो मजकूर लिहिलाच गेला नाही, त्याचा माग कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून लागत नाही. मो यान यांनी २०१२ मध्ये नोबेल स्वीकारायला गेले असताना सेन्सॉरची तुलना विमानतळावरच्या तपासणीशी केली होती. त्यावर त्यांच्यावर बरीच टीका झाली.

शांघायमध्ये १९३० च्या दशकात कोमिंतांग म्हणजे राष्ट्रवादी पक्षाच्या सरकारची तपासणी होती. काढलेल्या मजकुराच्या जागी वर्तमानपत्रे कोरी जागा सोडत, आणि तिला छापखान्यात ‘छपराची खिडकी’ म्हणत. आपल्याकडे जून १९७५ मध्ये काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, ते येथे आठवावे. पुढे ही खिडकीही बंद झाली. लू शुन यांनी तक्रार नोंदवली आहे, की वाक्ये काढल्यावर फट ठेवू देत नाहीत, कडा एकमेकींना जोडायला लावतात, आणि मग लेखकच अडखळत, काहीतरी असंबद्ध बोलतो असे वाचकाला वाटते. हे वाचल्यापासून आमची वाचण्याची सवय बदलली. एखाद्या चांगल्या लेखकाचा परिच्छेद अचानक लंगडू लागला, कारण सांगितले पण परिणाम नाही, एखादे पात्र आले आणि न सांगता गेले, की तेथे लेखकाला दोष देण्याआधी शिवण शोधावी. लू शुन यांनी आपल्या १९३३ मधल्या लेखांचा संग्रह काढताना गाळलेले शब्द परत घातले आणि त्यांच्या बाजूला काळे ठिपके दिले, म्हणजे कात्री कोठून कोठपर्यंत फिरली होती ते वाचकाने बोट ठेवून पाहावे.

याची उलटी चाल कादंबरीकार जिआ पिंगवा यांनी १९९३ मधल्या ‘फेइ दू’ या कादंबरीत खेळली. शृंगाराच्या प्रसंगी त्यांनी स्वतःच रिकामे चौकोन छापले आणि ‘येथे लेखकाने इतकी अक्षरे गाळली’ अशा नोंदी दिल्या, जशा जुन्या कादंबऱ्यांच्या सोवळ्या आवृत्त्यांत असत. चौकोनांनी उत्सुकता वाढवली, पुस्तक प्रचंड खपले, बंदी आली, आणि २००९ मध्ये बंदी उठून ते पुन्हा निघाले तेव्हा चौकोन जाऊन टिंबे आली होती. म्हणजे गाळल्याच्या खुणाही गाळता येतात.

खूण न ठेवता बोलण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. ज्या घरांत बायको नवऱ्याचे नाव घेत नसे, त्या घरांत नावाभोवती फिरून बोलण्याची कला मुलींना उखाण्याच्या आधीपासून येत असे. चीनमध्ये सम्राटाच्या नावातले अक्षर लिहायचे टाळत, किंवा त्यातली एक रेघ कमी काढत. आजचा चिनी नेटकरी चार जून १९८९ चा, म्हणजे तिआनमेन चौकातल्या हत्याकांडाचा, उल्लेख ‘पस्तीस मे’ असा करतो, आणि ‘सुसंवादी समाज’ या सरकारी घोषणेखाली मजकूर उडवला गेला की ‘नदीतला खेकडा’ म्हणतो, कारण दोन्हींचा उच्चार जवळजवळ सारखा आहे. भाषांतरात असा खेकडा आला आणि पाककृती चाललेली नसेल, तर तळटीप शोधावी.

इतिहासाच्या आडून बोलणे हा यातला सर्वात जुना मार्ग आहे. ‘कीचकवध’ पाहणाऱ्या १९०७ च्या प्रेक्षकाला कीचक म्हणजे कर्झन हे कोणी सांगावे लागले नाही, आणि सरकारलाही ते कळल्यावर १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. चीनमध्ये इतिहासकार वू हान यांनी सम्राटाला खडे बोल सुनावणाऱ्या मिंगकालीन हाय रुइ या अधिकाऱ्यावर लिहिलेले नाटक १९६१ मध्ये रंगभूमीवर आले. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्यावर जाहीर हल्ला झाला, तो सांस्कृतिक क्रांतीचा पहिला बार मानला जातो. वू हान १९६९ मध्ये कैदेत वारले. फरक असा, की कीचकाचा अर्थ लेखकाला आणि प्रेक्षकाला आधीपासून मान्य होता, तर हाय रुइच्या आडून माओंवर टीका आहे हा अर्थ हल्ला करणाऱ्यांनी नाटकावर लादला की वू हान यांच्या मनात तो होता, हा वाद आहे. म्हणून चिनी ऐतिहासिक कथा वाचताना रूपक दिसलेच, तर ते लेखकाचे की आपले, हे स्वतःला विचारावे.

बंदीचा शिक्का

मुखपृष्ठावर ‘चीनमध्ये बंदी’ असे छापलेले पुस्तक हाती आले, तर ती जाहिरात आहे हे लक्षात ठेवावे. बंदी असलेले चांगलेच असते आणि तेथे मिळणारे सगळे मिळमिळीत असते, ही दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. यू ह्वा यांची ‘टू लिव्ह’ ही कादंबरी चीनमध्ये उघड विकली जाते आणि अफाट वाचली जाते; तिच्यावरचा झांग यीमोऊ यांचा १९९४ चा चित्रपट मात्र तेथे दाखवू दिला गेला नाही. लू शुन मुख्य भूमीवर शाळेच्या पाठ्यपुस्तकात होते त्याच काळात तैवानात लष्करी कायदा उठेपर्यंत, म्हणजे १९८७ पर्यंत, त्यांच्या पुस्तकांवर बंदी होती. आणि सरकारशिवायही पुस्तक मागे घेतले जाते: रवींद्रनाथांच्या ‘स्ट्रे बर्ड्स’चे फंग तांग यांनी केलेले चिनी भाषांतर २०१५ मध्ये निघाले, त्यातल्या अचकट शब्दांवर वाचकांनी गदारोळ केला, भारतातही बातम्या झाल्या, आणि प्रकाशकाने प्रती परत घेतल्या. भाषांतर मला आवडले नसते, असे उदाहरणांवरून वाटते. पण ते दुकानातून उचलावे इतके वाईट होते काय, यावर आमच्या ओसरीत एकमत झाले नाही.

आपली कात्री

हा भाग मी टाळणार होतो. लू शुन यांच्या ‘आ क्यू’च्या कथेतला एक उतारा जाहीर वाचनासाठी मी मराठीत केला होता. त्यात आ क्यू उन्हात बसलेल्या एका माणसाशेजारी बसून सदऱ्यातल्या उवा काढू लागतो, त्या दाताखाली चावतो, आणि त्या माणसाच्या उवा आपल्यापेक्षा मोठ्या आणि जास्त निघतात म्हणून चिडून त्याला शिवी देतो आणि मार खातो. श्रोत्यांत वयस्कर मंडळी होती, वाचनानंतर चहा-पोह्यांचा बेत होता, म्हणून मी उवा काढून टाकल्या आणि दोघे उन्हात बसून भांडले एवढेच ठेवले. वाचन झाल्यावर शहापूरहून आलेल्या एका आजींनी विचारले, “पण ते भांडले कशावरून, बाळा?” उत्तर देता आले नाही. माणूस स्वतःच्या दैन्यातही दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरायला धडपडतो हाच त्या प्रसंगाचा गाभा, आणि तो मी पोह्यांसाठी दिला होता. कडा इतक्या नीट जोडल्या होत्या, की कोणाला शिवण दिसू नये. आजींना दिसली.

तेव्हापासूनचा आमचा नियम असा: शिवी, मांसाहार, देहधर्म, जातिवाचक वाटेल असा उल्लेख किंवा राजकारण, काहीही गाळावेसे वाटले तर आधी त्याचे मराठी करायचे आणि मग ठरवायचे, आणि गाळलेच तर चौकटी कंसात तीन टिंबे देऊन पानाखाली कारण लिहायचे. मासिकाला कथा देताना हीच अट संपादकाला लेखी कळवावी. बाकी, इंग्रजीवरून मराठी करून छापायचे असेल तर मूळ मजकूर स्वामित्वहक्कातून मुक्त असला तरी इंग्रजी भाषांतराचा हक्क वेगळा असतो आणि त्याची परवानगी लागते, हे नवशिक्यांच्या लक्षात राहत नाही.

एकट्याने हे काम करण्यापेक्षा दोघांनी करावे. विसाव्या शतकाच्या आरंभीचे चिनी भाषांतरकार लिन शू यांना एकही परकी भाषा येत नव्हती. जाणकार मित्र तोंडी अर्थ सांगत आणि ते ग्रंथी चिनीत उतरवत, आणि असे करून त्यांनी पावणेदोनशेच्या आसपास पुस्तके चिनी वाचकांना दिली. हे ऐकून बेळगावकराला नवल वाटायला नको. आपल्याच गावच्या उमा कुलकर्णी यांच्यासाठी विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तके वाचून देत, आणि त्या ऐकून मराठी करत. त्यातूनच कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठी घराघरांत पोहोचले. आमच्याकडे वहिनी इंग्रजी वाचून कन्नडमध्ये सांगतात आणि मी मराठीत लिहितो. वाक्य कन्नडमधून गेले की इंग्रजीची रचना गळून पडते, हा अनुभव आहे.

सुरुवात कोठून करावी

मोठ्या कादंबरीने सुरुवात करू नये. लू शुन यांची ‘खोंग यीजी’ ही काही पानांचीच कथा घ्यावी. दारूच्या गुत्त्यावर आखूड सदऱ्याचे कष्टकरी उभ्याने पितात, लांब अंगरख्याचे प्रतिष्ठित आत बसून पितात, आणि उभ्याने पिणारा एकमेव अंगरखेवाला म्हणजे परीक्षा कधी पास न झालेला, जुनी पुस्तके नक्कल करून पोट भरणारा खोंग यीजी. चार तांब्याच्या नाण्यांना एक वाडगा दारू मिळे, निवेदक सांगतो तेव्हा ती दहावर गेलेली असते. सोबत बडीशेप घालून उकडलेले दाणे. यावर आमच्याकडे आधी पावटे की वाल की कन्नड अवरेकाळु असा वाद झाला, तो ‘दाणे’ म्हणून मिटवला. पण बडीशेप मात्र हलवता येत नाही, कारण खोंग यीजी गुत्त्यावरच्या पोऱ्याला विचारतो, की त्या शब्दातले पहिले अक्षर कसे लिहितात, आणि मग मोठ्या तोऱ्यात सांगतो, की त्या अक्षरातला ‘हुइ’ हा भाग चार तऱ्हांनी लिहिता येतो. पोऱ्या तोंड वाकडे करून निघून जातो.

मराठीत हे कसे आणावे यावर दोन आठवडे गेले. मग कोणीतरी सहज उठून किराण्याच्या पिशव्या आणि शब्दकोश यांवरची नावे गोळा करून आणली, आणि वहीच्या त्या पानावर आता एकाखाली एक अशी चार रूपे लिहिलेली आहेत: बडीशेप, बडिशेप, बडीशोप, बडीसोप.